फ्लॅश लावला की साठ

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर ऱ्हस्व-दीर्घाकडे आणि माझ्या अक्षराकडे काणाडोळा करावा. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर लिहिलं ते फक्त फोटोच्या पाकिटांवर: आडनाव, किती प्रती, पैसे आले की राहिले. इतक्या ओळी सलग कधी लिहिल्या नाहीत.

लिहायला बसले ते दिराच्या नातीमुळे. ती कॉलेजात जाते. गेल्या रविवारी आली आणि यांचा जुना रोलचा कॅमेरा मागितला. आता मुलं हौसेने पुन्हा रोल घालतात म्हणे. कॅमेरा हातात फिरवत तिने विचारलं, "आजी, फ्लॅश लावल्यावर स्पीड किती ठेवायचा?"

"साठ," मी म्हटलं.

"साठच का? एकशेपंचवीस का नाही?"

"चहा ठेवते," मी म्हटलं.

चहा होईपर्यंत ती विसरली. कप धुवून ठेवला आणि घर पुन्हा गप्प झालं. मला बोलायला कुणी नाही, आणि कुणी आलंच तर बोलता येत नाही. म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिते.

पंचवटीत यांचा स्टुडिओ होता. एकच गाळा, मागे पडदा, पुढे काउंटर. हळदीला, डोहाळजेवणाला बायका लाजतात म्हणून हे मला बरोबर नेऊ लागले. आधी मी नुसती बॅटरीची पिशवी धरायचे, मग कॅमेराही धरायला लागले. मला ते आवडलं. कॅमेरा डोळ्याला लावला की लोक तुमच्याकडे बघत नाहीत, भिंगाकडे बघतात. कुणी काही विचारत नाही.

हे मितभाषी. शिकवलं तेवढं एवढंच, "कडक ऊन असेल तर अडीचशे. ढग आले तर एकशेपंचवीस. फ्लॅश लावला की साठ. तिथे डोकं चालवायचं नाही." कॅमेऱ्याच्या स्पीडच्या चकतीवर सगळे आकडे पांढरे होते, साठ तेवढा लाल. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमचा संसार असाच होता. वाईट नव्हता.

हे गेले, आणि तेराव्यानंतर दीर म्हणाले, "वहिनी, गाळा भाड्याने देऊ. कॅमेरा विकून टाकू."

मी मान खाली घालून म्हटलं, "थोडे दिवस मी बघते."

"बघा. पण एखाद्याचं कार्य बिघडवलंत, तर मग मी म्हणेन ते."

पहिलं काम एका साखरपुड्याचं मिळालं. फोटो आले, पण कुंकू लावणाऱ्या हाताला सहा-सात बोटं दिसत होती. व्हिडिओवाल्याचा मोठा दिवा सारखा जळत होता, त्या उजेडात हललेला हातही फिल्मवर उतरला होता. मुलीचे वडील हसून म्हणाले, "सोयरीक चांगली आहे, जास्तीची बोटं मिळाली." मी घरी येऊन विचार करत बसले. अपूर्णांक मला चौथीत शिकवले होते. साठ म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. एकशेपंचवीस म्हणजे त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. कॅमेऱ्याच्या आतला पडदा कमी वेळ उघडा राहिला तर हात कमी हलेल. आणि फ्लॅश तर पापणी लवायच्या आत होऊन जातो, त्याला काय फरक पडणार?

हिशेब मला बरोबर वाटला. रोल धुणाऱ्या लॅबवाल्याला विचारता आलं असतं. पण त्याच्या काउंटरवर कायम चार-पाच फोटोग्राफर उभे असत, हसत-खिदळत. मी रोल द्यायचे, चिठ्ठी घ्यायचे आणि निघायचे.

मग घोटीचं लग्न आलं. मुलीच्या आईचं तिथे तांदळाचं दुकान होतं. दोन हजार आगाऊ दिले, त्यांतून मी रोल घेतले, बॅटरी घेतली, लॅबची जुनी बाकी दिली. मंगलाष्टकं झाली तोवर साठच होतं. स्टेजवर आहेर सुरू झाले, व्हिडिओवाल्याने दिवा लावला, आणि मी चकती एका घराने पुढे सरकवली. एकशेपंचवीस. यांच्या शब्दाबाहेर मी तेवढंच एकदा गेले.

चार रोल त्यावर काढले. त्या दिवशी मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

लॅबवाल्याने पाकीट उघडूनच माझ्यापुढे ठेवलं. आहेराच्या प्रत्येक फोटोची उजवी बाजू काळी. कॅमेरा उभा धरून काढले होते, त्यांत नुसते पाय. काउंटरवरच्या एकाने डोकावून म्हटलं, "वहिनी, चपला छान आल्यात." लॅबवाल्याने त्याला बाहेर जायला सांगितलं. मग माझ्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून तो उजेडाकडे धरला. "आता बघा."

आत कापडाचे दोन पडदे होते. साठवर पहिला पूर्ण सरकतो, खिडकी सताड उघडी होते, मग दुसरा निघतो. एकशेपंचवीसवर पहिला पोचायच्या आधीच दुसरा निघालेला असतो. फ्लॅश तेवढ्यात उडतो, आणि अर्ध्या फिल्मवर कापड असतं. अंतरपाट पुरता दूर व्हायच्या आत कुणी फोटो काढावा, तसं. इतकं सोपं होतं. यांना दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

आपल्याकडे आहेराच्या फोटोला ज्याचं ज्याच्याशी नातं, तो त्याच्या बाजूला उभा राहतो. नवरी नवरदेवाच्या डावीकडे असते, म्हणजे माझ्या उजवीकडे. त्यामुळे नवरदेवाकडचं सगळं गणगोत झगझगीत आलं, आणि नवरीसकट तिच्याकडचं एकही माणूस आलं नाही.

घोटीच्या बसमध्ये मी एकच वाक्य पाठ करत गेले, चूक माझी आहे. दुकानात पोचल्यावर तेही निघालं नाही. पाकीट पुढे ठेवलं.

नवरीची आई एकेक फोटो बघत गेली. "ह्यो त्यांचा मामा. ही त्यांची आत्या. ह्यो त्यांचा दोस्त, दोनदा आलाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या माणसांनी काय चोरी केली व्हती का बाई, तोंड लपवायला?"

मी विखुरलेले फोटो गोळा करून पाकिटात भरले.

"माझे दोन हजार परत पायजेत. नायतर मी नाशकाला येऊन तुझ्या दुकानात बसंन, तुझ्या घरच्यांसमोर."

"दर महिन्याला दोनशे आणून देते," मी म्हटलं. "येऊ नका."

तांदळाच्या उधारीच्या वहीत तिने मला एक पान दिलं. दिरांना मी सांगितलं नाही. शाळेच्या अर्जांचे, रेशनकार्डांचे पासपोर्ट फोटो काढून दोनशे जमायचे. बाजाराच्या दिवशी मी घोटीला जायचे, बायका तांदूळ पाखडून बघत असायच्या. मी पैसे द्यायचे, ती मोजायची, ओळ लिहायची. पहिले दोन महिने तिने बसायला सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यात पोत्याकडे बोट दाखवलं. पाचव्यात चहा आला. आम्ही बोलायचो नाही, पण खरं सांगते, महिनाभरात माझ्यासमोर चहाचा कप ठेवणारं तेवढं एकच माणूस होतं. मी तो सावकाश प्यायचे.

दहाव्या महिन्यात गेले तेव्हा तिच्या मांडीवर अल्बम होता. मला वाटलं होतं तिने ते फोटो चुलीत घातले असतील. तिने सगळे लावले होते.

"ये, बस," ती म्हणाली आणि एका फोटोच्या काळ्या बाजूवर बोट ठेवलं. "ही मी. हातात ताट व्हतं. ही माझी थोरली जाऊ, तिचा पदर सारखा घसरायचा. हितं माझा भाऊ. दारू पिऊन आलता, म्हणून त्याला मागं उभा केला." ती हसली. "त्याचं बरं झालं, नाय दिसला ते."

मी वाकून बघितलं. काळं पूर्ण काळं नव्हतं. व्हिडिओवाल्याच्या दिव्याने त्यात एक नथ पुसटशी चमकत होती.

"पोरीची हाय," ती म्हणाली. "मला दिसती. दुसऱ्या कुणाला दाखवली तर नाय दिसत."

"मलाही दिसते," मी म्हटलं.

तिने त्या नथीवरून बोट फिरवलं. मग अल्बम मिटून बाजूला ठेवला. मी रुमालाची गाठ सोडून दोनशे रुपये दिले. तिने दोनदा मोजले, गल्ल्यात टाकले आणि वही काढली. माझ्या पानावर दहावी ओळ लिहिली, खाली रेघ ओढली आणि पान माझ्याकडे फिरवलं. मी एकेक ओळ बोटाने मोजली. दोन हजार पूर्ण फिटले होते.