वाळवीनं खाल्लेला सूर

ओतोमास्तर बोहेमियाहून निघाले होते बोगोताला. माग्दालेना नदीत तापानं फणफणले, होडीवाल्यांनी त्यांना आमच्या मोंपोसला उतरवलं, आणि 'बरा झालो की निघतो' म्हणत मास्तर बावीस वर्षं राहिले.

गावात पियानो एकच, कासिल्दाबाईंच्या दिवाणखान्यातला. त्याच्या एका पट्टीची आतली हातोडी वाळवीनं खाल्लेली. पट्टी दाबली की नुसतं खुट्ट व्हायचं. मास्तरांनी रचलेला लाडका वॉल्ट्झ नेमका त्याच सुरावर येऊन टेकायचा. तिथं पोकळी पडे, नाचणाऱ्यांचा तोल जाई. म्हणून कुणीतरी टाच आपटली. बघता बघता सगळं गाव आपटू लागलं. लग्न असो, बाप्तिस्मा असो, तिथं धाडकन टाच! कासिल्दाबाईंना दोनदा फरशी बदलावी लागली.

"बाई, तिथं सूर आहे हो!" मास्तर कळवळायचे. "इतकी वर्षं नुसता डोक्यात वाजतोय. मरायच्या आधी एकदा कानांनी ऐकायचाय मला."

"आधी ताटातला मासा संपवा, मग मरा," कासिल्दाबाई म्हणायच्या.

शेवटी नाटकगृहासाठी आगबोटीनं नवा पियानो आला. मी तेव्हा मास्तरांच्या मंडळीत गात असे. रविवारी दुपारी पडद्याआडून पाहिलं, तर मास्तर ती एकच पट्टी रुमालानं पुन्हा पुन्हा पुसत होते. वॉल्ट्झ रंगला, सूर आला आणि चारशे टाचा धाडकन! मास्तरांना काही ऐकूच आलं नाही.

ते उठले. "मंडळी, पाया पडतो तुमच्या, आजच्या दिवस पाय आवरा!"

लोक गुडघे घट्ट धरून बसले. मास्तरांनी पुन्हा वाजवलं. सूर आला. स्वच्छ, एकटा. मास्तरांनी डोळे मिटले.

"अहो मास्तर," कासिल्दाबाई कुजबुजल्या, आणि त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जायची, "बिघडलेला पियानो गळ्यात मारलाय तुमच्या! मधेच टिंग करतोय."

मास्तर हसत सुटले. हसता हसता डोळे पुसू लागले. "ऐकला, बाई. एकदा ऐकला, भरून पावलो."

तिसऱ्यांदा वाजवताना त्यांनी त्या पट्टीवरून बोट उचललं आणि स्वतःच बूट असा आपटला की टाच निखळून थेट कासिल्दाबाईंच्या मांडीवर पडली. पाठोपाठ चारशे टाचा! तसा गजर मी पुढे कुठल्याच रंगमंचावर ऐकला नाही.

त्या वॉल्ट्झचा कागद माझ्याकडे आहे. तो सूर मास्तरांनी स्वतः खोडलाय. तिथं शाईनं एक छोटा बूट काढलाय.