कोंबडे गेलेली सुरई

"बाई, तुमचे दादा गेले…" वहिनींचा फोन आला तेव्हा मी तुमसरला भाजी निवडत होते. महिना उलटला. दादाची माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

दादा, माझा थोरला भाऊ, मोहाडीकडचा कोसा रेशमाचा विणकर. आमचे मामा भिलाईला पोलाद कारखान्यात होते. तिथल्या एका रशियन इंजिनियरनं मायदेशी परतताना त्यांना आपल्या आजीची काचेची सुरई दिली. मामांमागे ती दादाकडे आली. हिरवट काच, तिच्यावर भट्टीत भाजलेलं उठावदार मीनाकाम. लाल कोंबडे, निळी फुलं, सोन्याचे ठिपके… दादाला त्या नक्षीचं वेडच लागलं. ती साडीच्या काठावर उतरवायची, असं त्यानं मनावर घेतलं. कागदावर काढणं त्याला जमत नसे. डोळे मिटून बोटानं नक्षी चाचपायची आणि तेवढे धागे मोजून विणायचं, ही त्याची रीत.

"हे कोंबडे काठावर आनतोच, पाहून घे."

"आणि पळाले तर?" मी चिडवायची.

एका दिवाळीआधी वहिनी वडिलांच्या आजारपणात माहेरी अडकल्या, म्हणून घर आवरायला मी गेले. आमच्याकडे पितळेची भांडी घरोघर. सणाला चिंच आणि राख घेऊन बसलं की हात थांबत नाही. घंगाळ, पाण्याचे गुंड, समया झाल्या आणि त्याच ओघात मी सुरईही चिंचेच्या पाण्यात बुडवली, काथ्यानं खसाखसा घासली. जुन्या मीन्याचे पोपडे सुटलेलेच होते. सोनं गेलं, फुलं गेली, कोंबड्यांचे नुसते पाय उरले. काच मात्र लखलखत होती! अतिशहाणी मी.

दादा बाजारातून आला. सुरई उजेडात धरली, कोंबड्यांच्या जागी बोट फिरवलं. "जाऊ दे ना बाई, साफ तं झाली." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मागावरचा काठ अर्ध्या कोंबड्यावर थांबला होता. तो त्यानं पुढे कधीच विणला नाही, आणि मीही त्याच्यापुढे तो विषय काढला नाही.

तेरवी झाल्यावर धीर करून मी वहिनींना म्हणाले, "सुरई मी खराब केली होती."

"काहून आपल्यावर ओढून घेता, बाई? ते सोताच सांगत, माह्याच हातानं घासली म्हनून. मी त्यायले किती बोलली… मरेपर्यंत बोलली."

मी पुन्हा सांगणार होते, पण आवरलं. हे खरं त्यांना पटलं, तर उरलेलं आयुष्य त्या स्वतःलाच बोलत राहतील. त्यांनी त्याच सुरईतलं पाणी मला पेल्यात ओतून दिलं. मी प्याले.

वहिनींना वाचता येत नाही. म्हणून इथं लिहिलं.