आत्याचा पुरावा

कुठल्याही वादात पुरावा म्हणून स्वतःलाच हजर करणारी माझ्या आत्यासारखी बाई अख्ख्या मराठवाड्यात सापडायची नाही. हेल्मेटचा विषय निघाला, की ती म्हणायची, "मी जन्मात घातलं नाय. फुटलं का डोकं?" ती जन्मात दुचाकीवर बसलेली नव्हती, हा मुद्दा तिच्या लेखी गौण होता. बिडी तर तिची बालमैत्रीण. कन्नड तालुक्यातल्या माळावर मेंढरं राखताना जडलेली सवय तिनं सिडकोतल्या मुलाच्या फ्लॅटपर्यंत आणली होती. कुणी काही बोललं, की पाच लेकरांची नावं थोरल्यापासून मोजून दाखवायची.

तिची सूनही हॉस्टेलच्या दिवसांपासून चोरून सिगारेट ओढायची. एकदा आत्यानं तिला गच्चीवर पकडलं आणि मुकाट्यानं काडेपेटी पुढं केली. तेव्हापासून दोघी रोज संध्याकाळी, मुलगा चितेगावच्या कंपनीतून घरी यायच्या आत, गच्चीवर धूर काढत आणि सगळ्या नातेवाइकांचा हिशेब घेत. इतकं गूळपीठ मी कुठल्याच सासू-सुनेत पाहिलेलं नाही.

सुनेला मूल होईना, म्हणून आम्ही तिघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासण्या पाहून आणि सिगारेटचं विचारून घेऊन त्या म्हणाल्या, "हिची स्त्रीबीजं वयाच्या मानानं फार कमी उरली आहेत. मुलगी ती जन्मतःच घेऊन येते, नवीन तयार होत नाहीत. सिगारेटच्या धुरानं ती लवकर संपतात, उरलेली कमजोर होतात. गेलेली परत येणार नाहीत, पण आज सोडलंत तर उरलेली जपता येतील."

आत्या लगेच सरसावली. "मी वडतच पाच काढली की, बाई."

"तुम्हाला झाली, आजी. सगळ्यांना तसं साधत नाही. आणि मूल राहिलं, तरी धुरानं ते गळायची भीती वाढते."

परतताना रिक्षात सून रडत होती. आत्यानं तिचा हात धरला आणि म्हणाली, "पाच पाच करते मी. मधी दोन गळाली, ती कुणाला सांगितलीच नाय."

सुनेनं त्या दिवशी सिगारेट सोडली. आत्यालाही सोडायची होती, पण दोन दिवसांत तिनं पुन्हा बिडी पेटवली. मग तिनं गाठोडं बांधलं आणि कन्नडची एसटी धरली. सुनेच्या नाकाशी आपला धूर नको, एवढंच तिचं म्हणणं. शेजाऱ्यांनी मात्र घरात भांडण झालं, असं ठरवून टाकलं.

परवा मी कन्नडला तिला भेटायला गेले. एकटीच बिडी ओढत बसली होती, मला पाहून विझवली. "एकटीनं वडायला चव नाय गं," म्हणाली. "तिला सांग, म्हातारी रुसून नाय आली. लेकरू झालं की येते."

उपचार चालू आहेत. डॉक्टरीणबाई आशा सोडू नका म्हणतात, पण खात्री देत नाहीत. 'आत्या, नाही झालं तरी ये' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण पाळण्याला कुठली दोरी घ्यायची, हे ती इतकं मन लावून सांगत होती, की मला ते बोलवलं नाही.