दोरीच्या अलीकडे शोभनावहिनी

शोभनावहिनींबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, ठाऊक नाही. माझे मित्र गुरुनाथ यांच्या त्या पत्नी. गुरुनाथ गेले, पण पिस्कॅटवे गावातलं आमचं शेजारपण राहिलं.

वहिनींची सगळी नोकरी इथल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये झाली. इंजेक्शनात जंतूंचं विष उतरलेलं नाही ना, हे त्या तपासत. त्या तपासणीचं द्रव्य हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तापासून बनतं. कवच घोड्याच्या नालेसारखं, म्हणून वहिनी त्यांना नालखेकडे म्हणत. वर्षानुवर्षं ते द्रव्य त्यांनी हाताळलं, पण प्राणी प्रत्यक्ष पाहिला तो निवृत्त झाल्यावर.

तेव्हापासून मे-जून आला की दर शनिवारी त्या डेलावेअरच्या खाडीवर जायच्या. त्या दिवसांत नालखेकडे अंडी घालायला वाळूवर येतात. लाटेनं उलटे पडले की पुष्कळांना सरळ होता येत नाही, आणि मग ऊन नाहीतर पक्षी त्यांना संपवतात. त्या अंड्यांवर लांबून उडत आलेले पाहुणे पक्षीही जगतात, म्हणून किनाऱ्याला दोरी लावून तो बंद ठेवतात. आत जातात ते फक्त परवानगी असलेले स्वयंसेवक. वहिनींना हायवेची भीती वाटे, त्यामुळे ड्राइव्ह मी करी. ट्रेनिंग मीही घेतलं होतं, पण बहुतेक वेळा गाडीतच बसून राही.

गेल्या जूनमधल्या एका सकाळी वहिनींच्या आग्रहानं मी आत गेलो. धुकं असं होतं की वाळू कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. कवचं जुन्या तांब्याच्या भांड्यांसारखी इथेतिथे पडली होती. गमबूट घातलेल्या वहिनी त्यांच्यामधून चालत होत्या, कुणाची झोपमोड होऊ नये तशा. एक मोठी मादी उताणी पडलेली दिसली. वहिनींनी दोन्ही कडांना धरून तिला सरळ केलं, पाण्याकडे तोंड करून ठेवलं, आणि पर्समधून डबी काढून तिच्या कवचाला कुंकू लावलं.

"वहिनी, अहो हे काय?"

"बाळंतपणाला आली होती, भाऊजी. निघाली आता. तशीच पाठवू?"

गुरुनाथ गेल्यापासून समारंभात वहिनी मागच्या खुर्चीत बसत. कुंकवाचं तबक त्यांच्या हातात कुणी देत नसे.

तेवढ्यात रुचा आली. मूळची नागपूरची, याच प्राण्यांवर पीएचडी करणारी, आमच्या तुकडीची प्रमुख.

"काकू, हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"काय यार, काकू! प्राण्यावर काहीही लावायचं नाही, ट्रेनिंगमध्ये किती वेळा सांगितलं मी."

"पाण्यात गेली की धुऊन जाईल गं."

"जाईल. पण उद्या कुणी हौसेनं नेलपॉलिश लावलं, तर त्याला मी काय सांगू?"

वहिनींनी रुमाल समुद्राच्या पाण्यात भिजवला आणि कवच हळूहळू पुसून काढलं. मादी पाण्यात सरकली, नाहीशी झाली. रुचा तिकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी हे पाहिलंच नाही, असं समजू या का?"

"तू पाहिलंयस. कळव वरती. माझ्या लॅबमध्ये कुणी काही लपवलं असतं, तर मी गप्प बसले असते का?"

"तुमची परवानगी जाईल, काकू."

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. पण ओल्या रुमालाची घडी त्या घालत राहिल्या, मोडत राहिल्या.

उरलेल्या सीझनपुरती परवानगी कॅन्सल झाली. सांगायला रुचाचाच फोन आला. वहिनी लांब कुठे जायच्या त्या एवढ्यासाठीच, आता त्यांचे शनिवार कसे जातील, या विचारानं मला चैन पडेना.

शनिवारी पहाटे दाराची बेल वाजली. वहिनी गमबूट घालून, चहाचा थर्मास घेऊन उभ्या.

"माझी परवानगी गेलीय. तुमची आहे ना?"

"मला नाही जमायचं, वहिनी."

"न जमायला काय आहे त्यात? वाकायचं."

दोरीच्या अलीकडे, पक्षी बघायच्या लाकडी मंचावर त्या दुर्बीण घेऊन उभ्या राहिल्या. मी रुचाला विचारून आत गेलो. धुकं आज विरळ होतं; पाठीमागून वहिनींचा आवाज तेवढा येत होता.

"डावीकडे, भाऊजी. ओंडक्याजवळ."

मी गेलो, वाकलो.

"ती कुणाची तरी चप्पल आहे. आणखी पुढे."

पुढे खरंच एक उताणी मादी होती. तिचे पाय सावकाश हलत होते, झोपेत कुणी पेटी वाजवावी तसे. मी दोन्ही कडांना धरून तिला उचललं. वाटली त्यापेक्षा जड होती. पाण्याशी नेऊन ठेवली. काही क्षण ती तशीच राहिली, मग एक लाट आली आणि ती तिच्याखाली गेली. मी त्या पाण्याकडे पाहतच राहिलो.

"उभे काय राहिलात?" दोरीपलीकडून आवाज आला. "उजव्या हाताला अजून एक आहे."