कपडे वाळत कोणी घातले?

भुताखेतांच्या गोष्टी मी चहासोबत ऐकते आणि कपासोबत विसळून टाकते. अगदी आजही... पण हे माझ्याच अंगणात, भर दुपारी घडलं, म्हणून लिहितेय.

आम्ही पेणला राहतो, वडखळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बैठं घर. मिस्टर रोह्याच्या कंपनीत. कॅन्सरमुळे माझा उजवा स्तन काढावा लागला. घरी आले, ड्रेनची नळी निघाली, टाके सुकले, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला होता. मी खांद्यापर्यंत नेऊन थांबायचे. दुखण्यापेक्षा भीती जास्त – आत काहीतरी फाटेल. हात असाच राहिला तर जन्मभर दुसऱ्याकडून वेणी घालून घ्यायची, या विचाराने रोज रडायचे.

त्या दिवशी मिस्टरांनी कपाटातलं सगळंच धुवायला काढलं. पिळून बादली अंगणात ठेवली, "आल्यावर वाळत घालतो, तू हात लावू नकोस," म्हणाले आणि शिफ्टला पळाले. मी दाराला कडी घालून आडवी झाले, डोळा लागला.

जाग आली ती शेजारच्या मंदाकाकूंच्या हाकेने. कडी काढली तर काकू रागात.

"वैशाली, येड लागलंय का गो तुला? मगाशी दोन्ही हात वर करून कपडे वाळत घालत व्हतीस. मी वरडले तर निस्ती हसलीस."

"मी नाय काकू. मी झोपले होते."

"मंग मी काय आंधली हाय?"

बाहेर बघितलं तर बादली रिकामी. कपडे दोरीवर, माझ्याच पद्धतीने – साडीचे काठ आत, शर्ट उलटे. एकच गोष्ट माझी नव्हती. आम्ही बायका ब्रा टॉवेलखाली लपवून वाळत घालतो. इथे माझी ऑपरेशनआधीची ब्रा रस्त्याच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे, दोन चिमटे लावून ऐटीत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यावरून माणसं जात होती. दोरी मिस्टरांच्या उंचीची, आणि काकू जेमतेम माझ्या खांद्याएवढ्या. त्या स्टूल आणायला वळल्या, तोवर मी चवड्यांवर उभी राहून हात वर टाकला होता. सवयीने उजवाच. काखेत असा ताण बसला की डोळ्यांत पाणी आलं... पण बोटं चिमट्याला लागली. फाटलं काहीच नाही.

"गेला गो हात वर," काकू म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मीही.

ब्रा हाताला ओली लागली. म्हटलं, वाळू दे. चिमटा परत घट्ट लावून टाकला.

झोपेत उठले असेन? नंतर डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, आखडलेला हात झोपेतसुद्धा एवढा वर जात नाही. शिवाय कडी आतून होती. काकू मात्र अजून शपथेवर सांगतात, मीच होते.

त्या संध्याकाळी मिस्टर आले आणि दोरीकडे बघतच राहिले. "कपडे वाळत कोणी घातले?"

"मी," म्हटलं.

खरं बोलले की खोटं, ते मला अजून कळलेलं नाही.