न तपासलेला कूलर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या बाकी सगळ्या मूर्खपणांची यादी तिला तोंडपाठ आहे. हा एक तेवढा लपवून ठेवला. तुम्हाला सांगतो.

नागपुरातल्या एका कूलरच्या कारखान्यात मी क्वालिटीचा माणूस होतो. काम सोपं — प्रत्येक कूलरमध्ये पाणी भरायचं, दहा मिनिटं चालवायचा, पत्र्यात करंट उतरतो का ते टेस्टर लावून पाहायचं, मग तक्त्यात टिक आणि सही. लोक ओल्या हाताने कूलरला शिवतात हो. त्यांच्या आणि करंटच्या मध्ये उभा कोण? मी! पण एप्रिलात दारात गाड्या खोळंबलेल्या असताना दहा मिनिटं कोण देतो? मी तक्ता सकाळीच भरून टाकायचो — कूलर जुळायच्याही आधी. टिका खऱ्या वाटाव्यात म्हणून दोन वेगळी पेनं वापरायचो. एवढी अक्कल टेस्टर धरायला लावली असती तर... असो.

वायरिंग शोभाताई करायच्या. एके दिवशी त्या मुद्दाम टेबलापाशी आल्या. "साहेब, अर्थिंगचे हे नवे स्क्रू पकडून नाही राहिले. आज जरा नीट पाहून घ्या जी."

"हो हो, पाहतो," म्हणालो — आणि चहाला गेलो.

आठवड्याने हुडकेश्वरहून तक्रार आली. पाणी भरताना एका बाईंना शॉक बसला. त्या फेकल्या गेल्या, मनगट मोडलं. कूलर उघडला तर अर्थिंगची वायर सुटलेली. मालक म्हणाले, "काय गा, हा तपासला होता ना तुनं?" मी तक्ता पुढे सरकवला. टिक होती, सही होती. मग चूक कोणाची उरली?

"म्या सांगतलं होतं साहेबाले," शोभाताई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो?

"मला तर आठवत नाही, ताई," मी म्हणालो.

त्या भांडल्या नाहीत. परत वायरिंगला जाऊन बसल्या. संध्याकाळी मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला मात्र पुढच्या वर्षी बढती मिळाली! आता दुसऱ्या कारखान्यात नव्या लोकांना मी शिकवतो की, तपासणी म्हणजे न भेटलेल्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. वाक्य चांगलं आहे. लोक लिहून घेतात.

आठवत होतं मला. तेव्हाही, शब्दन् शब्द. शोभाताईंची नोकरी मालकांनी नाही, मी घालवली.