मेंढ्याच्या शिंगाचं हँडल

२०२३ साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटली. पुढं लोहारा गावच्या एका कापसाच्या जिनिंगात राबलो, आणि तिथंच यंत्राच्या पट्ट्यात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. उरलेल्या हातानं मी घर बांधलं, घाटाच्या पायथ्याशी. बाजार घाटाच्या वर, घर खाली. म्हणजे पिशवी घेऊन वर जायचं आणि मुरूम-गिट्टीच्या जुन्या रस्त्यानं उतरून यायचं. सायकलवर. हे मी कोणाला विचारून करत नव्हतो.

त्या पावसाळ्यात उतरताना पडलो. जुन्या काळ्या सायकलचा सळईचा ब्रेक माझ्या हाताला ओढवेना. गुडघा फुटला, दुसरं काही नाही. पण पोरगा नागपूरहून आला, आणि मी दुपारी झोपलो असताना त्यानं ती सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. बदल्यात आपल्या आईला स्टीलचं पातेलं घेऊन दिलं. मी उठलो तेव्हा त्याच पातेल्यात चहा उकळत होता.

"कसा झाला चहा?" त्यानं विचारलं.

"लोखंडाचा वास येते," मी म्हणालो आणि कप तसाच ठेवला.

मग त्यानं विषय काढला. घर विकायचं आणि आम्ही नवरा-बायकोनं नागपुरात त्याच्या फ्लॅटवर राहायचं.

"तिथं मी करू काय?"

"बाकीचे बुढे करतात तेच."

"ते काय करतात?"

"मरतात," तो म्हणाला आणि हसला. माझ्याकडून त्याला वारशात काही मिळालं असेल तर ही जीभ.

मी म्हणालो, नवी सायकल घेतो, माझ्या पैशानं. दसऱ्याला तुझ्यासमोर घाट उतरून दाखवतो. पाय टेकला नाही तर घराचं नाव पुन्हा काढायचं नाही. पडलो तर स्वतः तुझ्या गाडीत येऊन बसतो.

"शब्द?"

"शब्द."

मी आणि पोरगा यवतमाळच्या सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार दाढीवाला, तरणा. त्यानं जाड टायरची एक सायकल पुढं केली. "ग्रॅव्हल बाइक, काकाजी. गिट्टीवर चालाची."

"सरळ दांड्याचं हँडल द्या," पोरगा मोठ्यानं म्हणाला. "यांची दोन बोटं नाहीत."

दुकानातली माणसं वळून माझा हात शोधू लागली. मी तो काउंटरवर ठेवला. "पाहून घ्या. तिकीट नाही."

सरळ हँडल मी धरून पाहिलं. त्याला अख्खी मूठ लागते, आणि टोकाकडची पकड तर नेमकी त्या गेलेल्या दोन बोटांची. धक्का बसला की हात बाहेर घसरतो. शेजारी दुसरं होतं, खाली वळून बाहेर फाकलेलं, मेंढ्याच्या शिंगासारखं. त्यावर ब्रेकच्या दांडीचा उंचवटा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात येऊन बसतो. हाताचा भार तिथंच राहतो, मुठीची गरज पडत नाही.

"हे रेसवाल्या पोरांचं असते, काकाजी. कंबर वाकवा लागते."

"जिनिंगात जन्मभर वाकलो. तिथं कोणी रेस म्हणत नव्हतं."

मग ब्रेक. चाकाला लोखंडी चकती, तिला दोन्हीकडून पॅड दाबतात, हा डिस्क ब्रेक. त्यात दोन जाती. एक तारेचा. तो मी दाबला, दोन बोटांत दम लावावा लागला. दुसरा हायड्रॉलिक, तारेऐवजी नळीतल्या दाबाचा. चाक उचलून गरकन फिरवलं आणि एका बोटानं दाबलं. जागच्या जागी थांबलं.

"तारेचा घ्या," पोरगा म्हणाला. "बिघडला तं गावात दुरुस्त होते."

"गावात मीच बिघडलेला हाव, मले कोणी दुरुस्त केलं?"

हायड्रॉलिकच घेतला. सायकल बाहेर काढताना दुकानदारानं आम्हा दोघांना बजावलं, "चकतीले बोट लावू नका. तेलाचा एक थेंब लागला की पॅड पिऊन घेतात. मंग दाबत बसा."

पोरानं परत विचारलं, "खरंच इतक्यानं जाते ब्रेक?"

"पुरा जाते."

मला वाटलं, काळजीनं विचारतो.

दसऱ्यापर्यंत मी रोज घाट उतरलो. पाय टेकला नाही. गावातली माणसं पारावरून ओरडायची, "बुढ्याले शिंगं फुटले रे." मी त्या शिंगांवर हात ठेवून त्यांच्यासमोरून जायचो आणि घंटी वाजवायचो नाही, कारण कुत्र्यांसाठी घंटी वाजवायची नसते.

आमच्या घरी दसऱ्याला लोखंड पूजतात. विळा, कुऱ्हाड, पावशी, बायकोचं शिवणयंत्र, सगळं धुऊन त्यावर तेलाचा हात फिरवायचा, मग हळद-कुंकू, मग झेंडू. वर्षभर राबलेल्या लोखंडाला त्या दिवशी तेल लावायचं, ही तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आईची रीत. सकाळी मी आपट्याची पानं आणायला शिवारात गेलो होतो. परतलो तर सायकल अंगणात सजून उभी. शिंगांना माळ. पोरगा ओट्यावर बसून मोबाइल पाहत होता.

दुपारी त्यानंच सायकल गाडीवर चढवून घाटावर नेली. "चढ कायले चढता, थकसान." वर पोचल्यावर मी जागेवर उभं राहून ब्रेक दाबला. धरला. निघालो.

पहिल्या वळणावर दाबला तर चकती किंचाळली आणि सायकल तशीच पुढं. मागचा दाबला, तोही तसाच. पुढच्या वळणाला दोन्ही पूर्ण दाबून होतो आणि गिट्टी पायाखालून पळत होती. दरीत जाण्यापेक्षा बरं म्हणून सायकल रायमुनियाच्या झुडपात घातली. खांद्यावर पडलो.

गाडी मागून आली. थांबली. पोरगा जरा वेळ आतच बसून राहिला, मग उतरला.

"पडले?"

"नाही, बसलो."

मी चकतीला बोट लावलं. चटका बसला, आणि वास आला. हळद टाकलेल्या फोडणीचा, आमच्याच घरच्या.

घरी येऊन मी बायकोला अंगणात उभं केलं. शेजारणी सोनं द्यायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर.

"चकतीले तेल लावाले तुले कोणं सांगतलं?"

"दसरा व्हता. सगळ्याले लावलं, तिलेही लावलं."

"मंग मलेही लावाचं व्हतं. डायरेक्ट मसणात घसरलो असतो."

"चकतीचं तुमी मले सांगतलं व्हतं का?"

"तुले सांगून कोणतं समजते?"

शेजारणींनी पानं ओट्यावर ठेवली आणि निघून गेल्या. बायको आत गेली. मी दिवेलागणीपर्यंत बोलत राहिलो, भिंतीपलीकडं तिला ऐकू जाईल असं.

दिवे लागल्यावर पोरगा सोनं घेऊन पाया पडायला आला. वाकला. मी पाय आत ओढून घेतले.

"सकाळी तू ओट्यावर होतास. माय तेल लावून राह्यली होती तवा पाह्यलं नाही?"

तो सरळ झाला. "पाह्यलं."

"दुकानदार बोलला तेव्हाही होतास."

"होतो."

"मंग काहून नाही थांबवलं?"

"कधी ना कधी पडणारच होते तुमी. एकटे पडण्यापेक्षा माह्यासमोर पडले, उचलाले माणूस होता." तो शांतपणे म्हणाला, जसा हिशेब समजावतो. "आता शब्द पाळा."

बायको दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. "मी दुपारपासून यांच्या शिव्या खाऊन राह्यली, तवाही तू बसूनच होता?"

"तुले तं सवय हाये, आई."

मग मी म्हणालो, "शब्द ब्रेकसकट दिला होता. मी येत नाही. घर विकाचं असंल तं मी मेल्यावर ये, आणि लवकर नको येऊ."

त्यानं आईकडं पाहिलं. "तू?"

"आजपर्यंत मले कोणं विचारलं, तं आता विचारता," ती म्हणाली. आपट्याची पानं दोघांच्याही हाती न देता तिनं देवाजवळ ठेवली आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा उजवा खांदा उचलत नव्हता. डाव्या हातानं मी सायकलची दोन्ही चाकं काढली. बायकोनं सांगाडा धरून ठेवला. चाकं चकत्यांसकट दोरीनं बांधून, तेल प्यालेले पॅड खिशात टाकून, दुकानात दुरुस्तीला न्यायला मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. नागपूरला निघालेली पोराची गाडी आली. काच खाली झाली. "बसा, यवतमाळले दुकानापाशी सोडतो," तो म्हणाला. मी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडं पाहत राहिलो. एसटी आली तेव्हा कंडक्टरला सांगून चाकं आधी आत दिली आणि मागून मी चढलो.